विमान झालं की

१८ ऑगस्ट २०२४

मिलमध्ये होतो तेव्हा शिफ्ट संपली की लॉगबुक भरावं लागायचं. कोणतं मशीन का थांबलं, काय बदललं, कोणी बदललं. रिटायर झाल्यापासून काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही थांबलंही नाही आणि सुरूही झालं नाही. आज लिहितोय, कारण हेमराज भेटला.

उधन्याला समाजाच्या हॉलवर गुणवंत मुलांचा सत्कार होता. मालतीच्या भाच्याची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, म्हणून आम्ही गेलो होतो. मागच्या रांगेत एक माणूस सत्काराच्या पत्रिकेची घडी घालत बसलेला. आधी उभी घडी, मग कोपरे, मग पंख. मी मागून म्हणालो, "शेपूट जड व्हई राहिनी." त्याने मान न वळवता शेपटाची घडी मोडली आणि मगच वळून पाहिलं.

हेमराज. धुळ्याच्या कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये माझ्याबरोबर होता. सुरतेलाही आम्ही एकाच गाडीने आलो. मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फिटर लागलो, तो लूम्सवर. दहा-बारा वर्षं आमचे रविवार एकत्र गेले. मग इंदुवहिनी आजारी पडल्या, तो गावी गेला, वहिनी गेल्यावरही तिकडेच राहिला, आणि आमचं सुटलं ते सुटलंच. आता तीन वर्षांपासून मुलाकडे, अक्षयकडे, पर्वत पाटियाला असतो म्हणे. एकाच शहरात तीन वर्षं, आणि पत्ता नाही.

मी विचारलं, "तुमच्याकडे कोणाचा सत्कार?" म्हणाला, "कुणाचाच नाही. रविवार आहे, घरी सगळे असतात, म्हणून आलो."

निघताना म्हणाला, "इंजिन अजून आहे माझ्याकडे." बाकी कोणाला हे वाक्य कळलं नसतं.

२५ ऑगस्ट

आज हेमराज घरी आला. दोन बस बदलून बमरोलीपर्यंत. पिशवीत पावडरचा जुना डबा, डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं आमचं इंजिन. अंगठ्याहून थोडं मोठं, एवढंसं डिझेल इंजिन. मी पंख्याचं पातं बोटाने फिरवून पाहिलं. दाब अजून आहे. वास घेतला आणि एकदम इच्छापोर आठवलं.

तेव्हा इच्छापोरकडे कारखाने नव्हते. खाऱ्या जमिनीचं सपाट माळरान, मध्ये मध्ये बाभळीची झुडपं. रविवारी सायकलींवर विमान बांधून आम्ही तिकडे जायचो. आमची विमानं रिमोटची नव्हती. विमानाच्या पंखातून दोन बारीक तारा निघायच्या, त्यांच्या टोकाला मूठ. आपण मध्ये उभं राहायचं, विमान आपल्याभोवती गोल फिरायचं. मूठ वर कलली की ते वर, खाली कलली की खाली. आपणही त्याच्याबरोबर गरगर फिरायचं. आता रिमोटवाल्यांना विमान दिसतं. आम्हाला ते मनगटात लागायचं, नुसतं वासरू ओढतंय तसं.

ठरलं. एक विमान करायचं, तसंच, तारांचं. आमच्या मुलाची, महेशची, वरची खोली रिकामी आहे. तो पुण्याला गेल्यापासून तिथे मालती कुरडया-पापड ठेवते. तिथेच टेबल लावायचं.

मालती चहा घेऊन वर आली. हेमराजला म्हणाली, "भाऊ, आता येत जा." तो म्हणाला, "वहिनी, रोज येईन." मला वाटलं, बोलायची रीत म्हणून म्हणाला.

११ सप्टेंबर

हेमराज खरंच रोज येतो. रविवारी तर सकाळीच. माझी आंघोळसुद्धा झालेली नसते.

महेशने बाल्सा लाकूड ऑनलाइन मागवून दिलं. किती हलकं, नखाने दाबलं तरी खड्डा पडतो. तेव्हा हे लाकूड मिळायचं नाही. एकदा आम्ही मुंबईहून येणाऱ्या ड्रायव्हरकडून एक फळी मागवली, तर त्याने प्लायवूड आणलं होतं. आम्ही त्याचंही विमान केलं. जमिनीवरून हललं नाही, पण दिसायला देखणं होतं.

पंखाच्या फासळ्या कापणं चालू आहे. हेमराज एक फासळी कापतो, पॉलिशपेपरने घासतो, उजेडाकडे धरून बघतो, परत घासतो. मी तेवढ्या वेळात चार करतो. पूर्वी असा नव्हता. लूम बंद पडला की धावत जाऊन चालू करणारा माणूस. वयाने आलं असेल.

काम करताना धुळ्याच्या गोष्टी निघतात. पहिलं विमान आम्ही दोघांनी उडवलं, तेव्हा मूठ माझ्याकडे होती. मी तीन चकरांत भोवळ येऊन पडलो आणि विमान इन्स्ट्रक्टर साहेबांच्या खुर्चीत शिरलं. साहेब नुकतेच पाणी प्यायला उठले होते. हेमराज आज ते सांगताना इतका हसला की त्याला ठसका लागला. मालती खालून पाणी घेऊन आली, तिलाही सांगितलं. तिने ही गोष्ट माझ्याकडून शंभरदा ऐकली असेल, पण त्याच्याकडून ऐकताना नव्याने हसली.

२९ सप्टेंबर

आज हेमराजने केलेला अख्खा डावा पंख उकलला. फासळ्या चिकटवून झाल्या होत्या, वाळल्या होत्या. म्हणे, एक फासळी तिरकी आहे. मी फूटपट्टी लावून पाहिली. तिरकी नव्हती. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "तुला दिसणार नाही," आणि ब्लेड घेऊन बसला.

मला रागच आला. पण बोललो नाही. इतक्या वर्षांनी मिळालेला माणूस.

संध्याकाळी त्याच्या सुनेचा, सुषमाचा, माझ्या मोबाईलवर फोन आला. त्याचा बंद होता. घरी त्याला सगळे दादा म्हणतात. "काका, दादा निघाले का?" मी म्हणालो, आत्ताच. मग तिने विचारलं, "काका, ते विमानाचं अजून किती दिवस चालेल?" गोड आवाज आहे पोरीचा. मी म्हणालो, "माझ्या हातात असतं तर दसऱ्याला उडवलं असतं, पण तुमचे सासरे फार चिकित्सक." ती "हं" म्हणाली. घरी सगळ्यांनाच उत्सुकता लागलेली दिसते. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

नवरात्र. गल्लीत गरब्याचा आवाज एवढा की दुपारपासूनच स्पीकर तपासणं चालू.

आज पंखच मोडला. मालती पापडाचा डबा काढायला वर गेली, डबा हातातून निसटला तो थेट उजव्या पंखावर. बिचारी रडकुंडीला आली. मी खूप बोललो तिला, नको तेवढं बोललो. तेवढ्यात हेमराज आला. मला वाटलं, आता हा डोक्याला हात लावून बसणार. त्याने तुकडे उचलले, खिडकीशी नेऊन पाहिले आणि म्हणाला, "काय बिघडनं? नवा करू. निवांत व्हई जाई."

मग मालतीला म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार झाले, हा पंख मला पसंत नव्हताच." दिवसभर मूडमध्ये होता. जेवायला थांबला. ठेच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या, वरून खिचडी. गेल्या महिन्याभरात त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला म्हातारपणी असा स्वभाव मिळाला असता तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. मालती वरच्या खोलीत पडदे बदलत होती. म्हणाली, "खोली किती मोठी आहे नाही? एका माणसाचं तर आरामात भागेल." मी म्हणालो, महेश येईल तेव्हा त्याच्याच कामाला येते ना. ती पडदा सारखा करत राहिली. मग म्हणाली, "भाऊंना फराळाला बोलवा. पाडव्याला, भाऊबीजेला पण."

मी म्हणालो, त्याला स्वतःचं घर आहे, मुलगा-सून आहे, दिवाळीत त्यांना सोडून इथे कशाला येईल?

आला मात्र. पाडव्यालाही आला आणि भाऊबीजेलाही. (हे नंतर लिहिलं.)

१७ नोव्हेंबर

आज भांडण झालं.

दोन्ही पंख तयार, धड तयार, शेपूट तयार. आता फक्त कागद चढवायचा, त्यावर डोप, म्हणजे कागद ताणणारं वार्निश, मारायचं, इंजिन बसवायचं. मी डबगरवाडमधून पतंगाचा कागद आणला, लाल आणि पांढरा. पतंगाचाच कागद आम्ही तेव्हाही वापरायचो. हेमराज म्हणतो, हे विमान नको, दोन मजली पंखांचं करू. जुन्या काळच्या लढाऊ विमानांसारखं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हणालो, "अरे, उत्तरायणच्या आत उडवायला हवं. जानेवारी लागला की आभाळात पतंग, मांजा, मोकळी जागा मिळायची नाही. मग उन्हाळा. उन्हात कोण उभं राहणार?"

तो म्हणाला, "पुढच्या वर्षी उडवू."

मग मी खरं ते सांगितलं. माझा गुडघा. आणि मान वळवली तरी आता डोकं फिरतं. डॉक्टर म्हणाले कानाचं आहे. गोल फिरत विमान उडवायला पुढच्या वर्षी मी उभा राहू शकेन की नाही, माहीत नाही. मला एकदा ती मूठ हातात धरायची आहे. एकदाच.

तो बराच वेळ ब्लेडच्या धारेवर बोट फिरवत बसला. म्हणाला, "कसाले इतली घाई करस, वाल्मिक? करता करता बी मजाच शे ना."

मी म्हणालो, "मजा उडवण्यात आहे. करण्यात नाही." आवाज चढला होता माझा.

तो पिशवी घेऊन उठला. जिन्यात मालतीने काही विचारलं, त्याला ऐकू गेलं नसावं.

१९ नोव्हेंबर

काल आला नाही. आज आला. कालचं, परवाचं कोणी काढलं नाही. चहा प्यायलो. त्याने इंजिन बसवायची लाकडी चौकट घासायला घेतली. मी कागद कापला. तो म्हणाला, कागद मीच चढवीन, तू सुरकुत्या ठेवतोस. ठीक आहे म्हणालो. मग तो दिवसभर चौकटच घासत होता.

२ डिसेंबर

हेमराज चुलतभावाच्या तेराव्याला गावी गेलाय, आठवडाभर तरी येणार नाही. अक्षयचा फोन होता, विमानाचं विचारत होता. हा मुलगा इच्छापोरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. म्हणाला, "काका, आमच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, रविवारी कोणी नसतं. मी वॉचमनशी बोलून ठेवतो. विमान कधी होईल ते तेवढं सांगा." चांगला मुलगा आहे. बापाच्या छंदासाठी कोण एवढं करतं आजकाल?

फोन ठेवल्यावर मला कल्पना सुचली. हेमराज येण्याआधी मी सगळं पूर्ण करतो. त्याला धक्का देतो. त्याचं काय होतं, पूर्ण होईल तेव्हा ते मोडेल, पडेल, याची भीती. हे मला कळायला लागलंय. माणसाला कधीतरी दुसऱ्याच्या वतीने धाडस करावं लागतं.

मालतीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचारून करा." मी म्हणालो, विचारून केलं तर सरप्राइज कसलं?

६ डिसेंबर

कागद चढला. एकही सुरकुती नाही, बघेलच तो. डोपचा वास घरभर झालाय, मालती खिडक्या उघड्या ठेवून बसली आहे. कागद वाळताना ताणला जातो आणि ढोलकीसारखा वाजायला लागतो. टिचकी मारून मी सारखा ऐकतोय. असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

१० डिसेंबर

हेमराज आला. मी त्याला आधी वर जाऊ दिलं, मागून हळूच गेलो. विमान छताच्या हुकाला टांगून ठेवलं होतं. लाल पंख, पांढरं धड, नाकावर आमचं इंजिन.

तो दारातच थांबला. आत जाऊन त्याने पंखाला हात लावला, खालून, जसा आजारी माणसाच्या कपाळाला लावतात. फिरवून सगळीकडून पाहिलं. मी वाट बघत होतो की काहीतरी चूक काढेल. नाही काढली.

"छान झालं," म्हणाला. "एकदम छान." मग खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं.

मला वाटलं, भरून आलं त्याला.

२२ डिसेंबर, रविवार

उडवलं.

इंधन जमवण्यातच आठवडा गेला. ईथर, रॉकेल आणि एरंडेल. ईथर पांडेसऱ्यातल्या एका ओळखीच्या केमिकलवाल्याने दिलं, रॉकेल शोधायला मात्र अख्खं शहर फिरलो. एके काळी घरोघरी असायचं.

अक्षय गाडी घेऊन आला. हेमराज पुढे, मी मागे विमान मांडीवर घेऊन. त्याची नात हर्षदा येणार होती, पण तिचा बारावीचा क्लास रविवारीही असतो. इच्छापोर ओळखू येत नाही. शेड, चिमण्या, ट्रकच्या रांगा. हेमराज म्हणाला, "तुझी सायकल पंक्चर झाली होती ती बाभळ इथेच कुठेतरी होती." आम्ही दोघांनी शोधल्यासारखं केलं.

इंजिन चालू व्हायला वेळ लागला. हेमराजने बोटाने पातं मारायचं, इंजिन दोनदा खोकायचं, बंद. बोटाला लागलं त्याच्या, रक्त आलं. मग एकदम पकडलं. तो आवाज. कानात खिळा गेल्यासारखा, तरीही थांबू नये असा. धुराला एरंडेलाचा तोच वास. मी मूठ धरून मध्ये उभा राहिलो, हेमराजने विमान सोडलं.

आलं मनगटात. तीच ओढ. पहिल्या दोन चकरा मला काही दिसलंच नाही, डोळ्यात पाणी होतं की वारा, माहीत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला डोकं गरगरायला लागलं. मी ओरडलो, "ये, धर." हेमराज तारांखालून वाकून आला आणि माझ्याबरोबर फिरत फिरत मूठ घेतली. हे आम्ही तेव्हा करायचो. एवढ्या वर्षांनी एका झटक्यात जमलं. मी खाली बसलो.

मग त्याने जे उडवलं ते मी काय लिहू? विमान डोक्यावरून नेलं, पाठीमागून खाली आणलं, गवताला लागेल इतकं खाली, पुन्हा वर. पाय इतके हलके की हा माणूस सत्तरीचा आहे यावर विश्वास बसू नये. अक्षय मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. मध्येच त्याने मोबाईल खाली केला आणि नुसता बघत राहिला. मी म्हणालो, "बघ तुझा बाप." 

इंधन संपलं. इंजिन बंद झाल्यावर विमान नुसत्या वाऱ्यावर एक फेरी फिरलं आणि हेमराजने ते असं उतरवलं की चाकं जमिनीला लागल्याचा आवाजही आला नाही. मी धावत गेलो. पंख, शेपूट, चाकं सगळं पाहिलं. कुठे एक ओरखडा नाही.

मी म्हणालो, "बघ, उगाच घाबरत होतास. काहीही झालं नाही."

"हो ना," तो म्हणाला. "दुरुस्त करायला काहीच उरलं नाही."

येताना गाडीत तिघंही गप्प होतो. फार आनंद झाला की माणूस गप्प होतो.

२७ डिसेंबर

हेमराज आज उभ्या उभ्या येऊन गेला. गावी जातोय म्हणाला. थंडीत तिकडे बरं वाटतं, हुरडा असतो. मी म्हणालो, विमान पुन्हा कधी उडवायचं? "बघू," म्हणाला. मालतीच्या पाया पडला. ती लहान आहे त्याच्याहून, ती मागे सरली, "भाऊ, हे काय?" तो म्हणाला, "अन्न खाल्लंय तुमचं."

विमान त्याला न्यायला सांगितलं. गाडीत मोडेल म्हणून नको म्हणाला.

१६ जानेवारी २०२५

उत्तरायण झालं. दोन दिवस गच्चीवर जाता आलं नाही इतकी पोरं, इतका आवाज. आज तारांवर फाटके पतंग लटकलेत.

हेमराजला फोन केला. "कधी येतोस?" म्हणालो. "येऊ," म्हणाला. आवाज ठीक होता. काय करतोस, तर म्हणाला, लोकांचे फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मी म्हणालो, "मग इथली दुपार काय वाईट होती?" तो हसला.

दुपारी फार मोठ्या झाल्या आहेत. मी वर जाऊन बसतो आणि खाली येतो.

२ फेब्रुवारी

आज पर्वत पाटियाला गेलो. साड्यांच्या मार्केटमध्ये मालतीला काम होतं. ती तिथे थांबली आणि मी अक्षयच्या घरी गेलो, म्हटलं हेमराज कधी येणार ते विचारून येऊ. त्याच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. तो मला कधी घरी ये म्हणाला नव्हता, आणि माझ्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर एक हॉल आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये हर्षदाचं टेबल, भिंतीवर सूत्रं चिकटवलेली. बोर्डाची परीक्षा महिन्यावर. सुषमाने स्वयंपाकघरात पाट टाकून मला बसवलं, हळू आवाजात बोलत होती. मी म्हणालो, "हेमराज परीक्षा झाल्यावर येणार का?"

चहा ढवळता ढवळता ती वळली. "काका, ते आता तिकडेच राहणार ना. तुम्हाला बोलले असतील."

मी म्हणालो, नाही.

तिने चहाचा गॅस बंद केला. सांगितलं ते असं. शाळा उघडल्यावरच ठरलं होतं. हर्षदाला अभ्यासाला जागा नाही, रात्री लाईट लावला की दादांची झोप मोडते, ते खोकले की हिची तंद्री मोडते. गावी घर आहे, शेजारी भावजय धुरपदाबाई आहेत, जेवणाची सोय आहे. अक्षयने अडखळत विषय काढला, तर ते लगेच हो म्हणाले. गणपतीनंतर जाणार होते. मग तुम्ही भेटलात. "मग म्हणाले, वाल्मिकबरोबर एक काम हाती घेतलंय, अर्धवट सोडता येणार नाही. विमान झालं की जातो."

हर्षदा पुस्तकातून मान वर करून आतल्या बाजूला बघून म्हणाली, "दादा कहेता के वाल्मिककाकाला काहीच पसंत पडत नाही, परत परत सगळं तोडून करतात. म्हणून लेट होतं."

सुषमा म्हणाली, "आधी आम्हाला वाटायचं तुम्हीच लावताय वेळ, मग फोनवर तुमचं बोलणं ऐकलं तेव्हा मला कळलं. मी तर मनात म्हणायचे, लावू द्या. काका, मला वाईट समजू नका. ते इथून सकाळी निघायचे ना, तर तोंडावर हसू असायचं. मला दिसायचं. पण घर बघताय तुम्ही."

मी तिला काय वाईट समजणार? चहा प्यायलो. किती दिवस चालेल म्हणून तिने फोन केला होता, तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते आठवत होतं. 

३ फेब्रुवारी

मालतीला म्हणालो, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मला कोण सांगणार? पण एवढ्या लांबून दोन बस बदलून, सणासुदीला, माणूस लाकूड घासायला येतो का?"

मग मला का नाही म्हणालीस, असं विचारलं. म्हणाली, "म्हटलं होतं."

२३ फेब्रुवारी

काल गावी जाऊन आलो. उधन्याहून भुसावळच्या गाडीने अमळनेर, पुढे जीप. निघताना मालतीने भाकरी-चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "लगेच येऊ नका. चार दिवस राहा."

हेमराज ओट्यावर पंपाची नळी फुंकत बसला होता. मला बघून उठला, पण दचकला नाही. सुषमाने फोन केला असणार. घर नीटनेटकं आहे, विटांचं, दोन खोल्यांचं. धुरपदाबाईंनी वांग्याची भाजी आणून दिली. जेवताना त्याने मालतीचं, महेशचं, माझ्या कानाचं, सगळं विचारलं.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "चल माझ्याबरोबर. वरची खोली तुझी. मालतीनेच सांगितलंय."

त्याने सुपारी कातरली. म्हणाला, "तुझ्याकडे कसा राहू? मुलगा त्याच शहरात, आणि बाप मित्राकडे. अक्षयने लोकांत तोंड कसं दाखवायचं? त्याने काही वाईट केलेलं नाही रे."

"मग मला सांगायचं होतंस. मी पाच वर्षं लावली असती त्या विमानाला."

"सांगितलं असतं तर तुझ्या दारात जागा मागितल्यासारखं झालं असतं." मग म्हणाला, "विमान चालू होतं तोवर बरं होतं. कोणाला काही म्हणावं लागत नव्हतं. मलाही नाही, त्यांनाही नाही."

मी म्हणालो, "दुसरं करू. दोन मजली पंखांचं. तू म्हणत होतास ते."

तो माझ्याकडे बघून हसला, अगदी मायेने. "आते सगळास्ले माहीत पडनं ना भो, की ते पुरं व्हस."

मला त्याने कशाचाही दोष दिला नाही. मी उलट म्हणालो, तू रागव तरी. तो म्हणाला, "रागवू कशाला? तुला उडवायचं होतं. आणि खरं सांगू, उडवताना मलाही फार बरं वाटलं. विसरूनच गेलो होतो."

ऊन उतरल्यावर आम्ही जीपच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. वाटेत कोणाकोणाचे पंप त्याने दुरुस्त केले ते सांगत होता. लोक त्याला हाक मारत होते. जीप भरलेलीच होती, एक जागा होती. मी चढलो. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "राही जा आजना दिन."

मी म्हणालो, "नाही रे, मालती एकटी आहे घरी."

त्याने मान हलवली. "हो, हो. बरोबर आहे," म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला. जीप सुटली. गाव मागे पडलं तेव्हा मला मालतीचं बोलणं आठवलं. घरी काही काम नव्हतं. मला कुठेच पोचायचं नव्हतं.

अमळनेर यायला अजून बराच वेळ होता. जीपवाल्याला थांब म्हणता आलं असतं.